डेटाबेस हलवायची टूल्स नवशिक्यांना झेपतील अशी का नसतात?

पाटीपेन्सिल

गेल्या पंधरवड्यात ओळखीच्या एका ताईंची साइट नव्या होस्टवर, म्हणजे साइट ठेवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, हलवून दिली, त्या निमित्ताने बरेच दिवस मनात साठलेलं आज लिहून काढतो. ताई प्रोग्रामर नाहीत, वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरवर नऊ वर्षं नेमाने लिहितायत. त्यांनी आधी स्वतःच हलवून बघितली होती आणि काय काय केलं ते त्यांनी सांगितल्यावर मला खरंच वाईट वाटलं, कारण कुठल्याही शहाण्या माणसाने जे केलं असतं तेच त्यांनी केलं होतं. जुन्या होस्टच्या पॅनेलमधून डेटाबेस, म्हणजे लेख, कॉमेंट्स, सेटिंग्ज सगळं ज्यात साठतं तो, एका फाइलमध्ये एक्स्पोर्ट केला, ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून साइटचा जुना पत्ता शोधला, सगळीकडे नवा टाकला, आणि नव्या होस्टवर इम्पोर्ट केली. हिरवी पट्टी आली, इम्पोर्ट यशस्वी. साइट उघडली तर लेख सगळे जागेवर पण साइडबारमधला मजकूर गेलेला, थीमची सेटिंग गेलेली, वरचं चित्र गेलेलं. दोन दिवस त्या स्वतःलाच दोष देत होत्या की आपल्याच हातून काहीतरी पुसलं गेलं.

पुसलं काहीच नव्हतं. वर्डप्रेस बरीच सेटिंग्ज पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) सिरियलाइज्ड रूपात ठेवतं, म्हणजे प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. एस, मग कोलन, मग समजा २२, मग पुन्हा कोलन, आणि पुढे अवतरणचिन्हात तो २२ बाइट्सचा पत्ता. आता नोटपॅडने पत्ता बदलला पण आधीचा २२ तसाच राहिला. पीएचपी वाचायला येतं, २२ मोजतं, तिथे अवतरण संपायला हवं ते संपत नाही, आणि मग ते ती अख्खी नोंदच नाकारतं. एका पत्त्यापायी पूर्ण सेटिंग जातं. नवं डोमेनच हवं असंही नाही, नुसतं एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलंत तरी एक अक्षर वाढतं आणि हेच होतं. मराठी मजकूर असेल तर अजून गंमत, लांबी अक्षरांत नाही तर बाइट्समध्ये मोजतात, "नमस्कार" लिहिलं तर तिथे आकडा २१ येतो, हाताने मोजून दुरुस्त करायला बसलेला माणूस तिथे हमखास अडकतो.

माझं म्हणणं असं आहे की ताईंना सिरियलायझेशन माहीत असायची काही गरज नव्हती, टूलला माहीत असायला हवं होतं. मायएसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, दृष्टीने तो नुसता मजकूर आहे, आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, म्हणून हिरवी पट्टी आली. ती पट्टी एवढंच सांगत होती की फाइलमधल्या आज्ञा चालल्या. ताईंनी तिचा अर्थ घेतला की साइट नीट हलली. या दोन वाक्यांमधलं अंतर टूलने भरून काढायचं की माणसाने, हा माझा प्रश्न आहे.

सोपं टूल म्हटलं की लोक "एका क्लिकमध्ये" वर येतात. मला नाही वाटत बटणं कमी केली की सोपं होतं. नवशिक्याला पायऱ्यांची भीती नसते हो, दहा पायऱ्या असतील तर तो दहा करेल, भीती असते ती आता काय होणार हे न कळण्याची आणि झालेलं उलटवता न येण्याची. तुम्हाला काय वाटतं, आणि कुणाकुणाचं कुठे अडलंय ते लिहा.

---

रात्रपाळी

विषय काढलात ते बरं केलंत. मी होस्टिंगच्या मदतकक्षात बरीच वर्षं काढलीयेत आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त लोक अर्ध्यावर थांबलेल्या इम्पोर्टमुळे हैराण होतात. पीएचपीची मुळातली मर्यादा म्हणजे अपलोड फाइल २ एमबी, एका वेळी पाठवायचा एकूण डेटा (पोस्ट) ८ एमबी, आणि स्क्रिप्ट चालायला ३० सेकंद. होस्टवाले ती वाढवून ठेवतात पण किती वाढवलीय ते कुणाला माहीत नसतं. फाइल मोठी असेल तर निदान ती घेतच नाही, तेव्हा कळतं तरी. पण फाइल आत गेली आणि वेळ संपला तर अर्धे टेबल (डेटाबेसमधले तक्ते) येतात अर्धे नाही, आणि कुठले येतात ते नीट बघा, डंपमध्ये, म्हणजे एक्स्पोर्टच्या फाइलमध्ये, टेबल बहुतेक वेळा नावाच्या क्रमाने असतात, म्हणजे कॉमेंट्स आधी, मग ऑप्शन्स म्हणजे सेटिंग्ज, मग पोस्ट्स, आणि यूजर्स सगळ्यात शेवटी. म्हणजे साइट उघडते, लेख दिसतात, आणि लॉगिन होत नाही. माणसाला वाटतं आपण पासवर्ड विसरलो. तो पासवर्ड बदलायची मेल मागत बसतो, ती येत नाही कारण यूजर्सचं टेबल रिकामं आहे किंवा नाहीच आहे. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की "लॉगिन होत नाहीये" असं कुणी म्हटलं की मी आधी यूजर्समधल्या ओळी मोजायचो.

पीएचपीमायअ‍ॅडमिन या ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायच्या टूलमध्ये वेळ संपत आली की इम्पोर्ट मध्येच थांबवू द्या म्हणजे पुढून चालू करता येईल, अशा अर्थाचा एक चौकोन आहे. चांगली सोय आहे, पण तिथे जे लिहिलंय ते वाचून नवशिक्याला वाटतं की इम्पोर्ट मध्येच थांबवणं म्हणजे धोका, म्हणून तो टिक काढून टाकतो. सोय आहे, शब्दांनी घालवली.

---

निळीशाई

मराठी लिहिणाऱ्यांचं वेगळंच दुखणं आहे, अक्षरांचं. साइट हलवल्यावर मराठीच्या जागी दोनपैकी एक गोष्ट दिसते. एक तर डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए आणि त्याला चिकटून चार काटे फुटलेलं छोटं गोल चिन्ह, हीच जोडी ओळभर पुन्हा पुन्हा. नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं.

यातला फरक सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. तिरक्या रेघेची जोडी दिसली तर घाबरू नका, देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये साठवायच्या पद्धतीत, तीन बाइट्सचं असतं आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच असतो, कुणीतरी ते बाइट्स लॅटिन-१ या रोमन अक्षरांच्या जुन्या पद्धतीतले समजून वाचतंय म्हणून तसं दिसतं. बाइट्स शाबूत आहेत, परत मराठी करता येतं. फक्त त्या अवस्थेत एकही लेख उघडून सेव्ह करू नका. पण प्रश्नचिन्हं जर खरोखर डेटाबेसमध्येच जाऊन बसली असतील तर मात्र मूळ अक्षर गेलं, प्रश्नचिन्हातून क होता की ळ ते कुणीच काढू शकत नाही, जुन्या बॅकअपकडेच जावं लागतं. म्हणून इम्पोर्टनंतर लगेच जुनी साइट बंद करायची घाई करू नका.

त्यात मायएसक्यूएलने स्वतः गोंधळ घालून ठेवलाय, तिथे ज्याला यूटीएफ८ म्हणतात ते जेमतेम तीन बाइट्सपर्यंतच जातं, खरं पूर्ण यूटीएफ-८ हवं तर यूटीएफ८एमबी४ निवडावं लागतं. मराठी तीन बाइट्सात बसते म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही, आणि मग कुणीतरी लेखाच्या मध्यात चार बाइट्सचा एक इमोजी टाकतो. सर्व्हर कडक असेल तर एरर देतो, ढिला असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापून टाकतो. वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ पासून एमबी४ घेतलं, पण त्याआधीच्या साइट्सची टेबलं अजूनही जुनीच असू शकतात.

आणि उलट बाजूने, मायएसक्यूएल ८ वरून जुन्या सर्व्हरवर आलात की १२७३ नंबरची एरर, अनोळखी कोलेशन (अक्षरं जुळवायचे, क्रम लावायचे नियम), त्यात ०९०० असं काहीतरी लिहिलेलं. उपाय काय, तर फाइल उघडून त्या नावाच्या जागी जुनं यूनिकोड कोलेशन टाकायचं. म्हणजे पुन्हा नोटपॅड! टूलला दोन्हीकडचे सर्व्हर दिसतायत, दोघांची कोलेशन्स माहीत आहेत, मग सुरू करण्याआधीच का नाही सांगत की बाबा हे पलीकडे चालणार नाही, त्याऐवजी हे वापरू का? सदतीस मिनिटं चालून मग लाल ओळ का?

---

कोराकागद

मी अगदी नवीन आहे, धागा तीनदा वाचला. माझी एक छोटी साइट आहे, पुढच्या आठवड्यात हलवायचीय. मला दोन गोष्टी विचारायच्यात. सगळीकडे "आधी ड्राय रन करा" लिहिलेलं असतं, म्हणजे नक्की काय होतं त्यात? आणि दुसरं म्हणजे बॅकअप घेतलाय हे मला कसं कळणार, म्हणजे फाइल डाउनलोड झालीय हे दिसतंय पण ती बरोबर आहे का? हे विचारायची लाज वाटत होती पण विचारते.

---

पाटीपेन्सिल

@कोराकागद, दुसरा प्रश्न तर असा आहे की तो भल्याभल्यांनी विचारायला हवा. बॅकअप बरोबर आहे हे कळायचा एकच मार्ग, तो कुठेतरी उघडून बघणं. आपल्या कॉम्प्युटरवर लोकल वर्डप्रेस टाका, त्यात ती फाइल इम्पोर्ट करा, आणि तुम्हाला चांगला आठवतो असा एक जुना लेख, एक कालचा लेख आणि एक कॉमेंट शोधून बघा. तिन्ही सापडलं तर बॅकअप आहे. नाहीतर ती नुसती एक फाइल आहे.

ड्राय रन म्हणजे खोटी फेरी. टूल सगळं करतं, मोजतं, फक्त लिहीत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या आज्ञा टाइप करून वर्डप्रेस हाताळायच्या टूलमध्ये सर्च-रिप्लेस म्हणून आज्ञा आहे, तिला ड्राय-रन जोडलं की टेबलागणिक, रकान्यागणिक किती ठिकाणी बदल होईल त्याचे आकडे येतात, आणि ती आज्ञा सिरियलाइज्ड मजकूर उघडून बदलून लांबी परत मोजून लिहिते, म्हणजे ताईंचं जे झालं ते होत नाही. जीयूआयडी नावाचा रकाना मात्र वगळायचा, तो पत्त्यासारखा दिसतो पण ती लेखाची ओळख आहे, बदलली तर फीड (नवे लेख आपोआप पोचवणारी यादी) वाचणाऱ्यांना सगळे जुने लेख नवे म्हणून परत दिसायची शक्यता असते. आता हे नवशिक्याने कुठून जाणायचं? वगळायची सोय आहे, पण ती तुम्ही मागावी लागते.

मला जी पाटी हवीय ती मी लिहूनच दाखवतो. समजा बटण दाबण्याआधी स्क्रीनवर एवढंच आलं:

"जुना पत्ता ४१२ ठिकाणी सापडला. ३८० लेखांच्या मजकुरात, ३२ सेटिंग्जमध्ये. लेखांच्या ओळखक्रमांकांना हात लावणार नाही. आत्ताच्या डेटाबेसची प्रत १० मिनिटांपूर्वी घेतली आहे, ती उघडून तपासली आहे. काहीही चुकलं तर या प्रतीवर परत जाता येईल, त्याला साधारण दोन मिनिटं लागतील. आधी तीन नमुने बघायचे आहेत का?"

आणि खाली तीन ओळी, आधी अशी होती, नंतर अशी होईल. एवढं वाचून ताई स्वतः बटण दाबतील, मला फोन करणार नाहीत. यात नवीन तंत्रज्ञान काहीच नाही, हे सगळे आकडे टूलकडे आधीपासून असतातच.

---

सरळरेघ

थोडं विरुद्ध बोलतो. तुम्ही म्हणताय ते प्रेमाने म्हणताय पण डेटाबेस ही जबाबदारीची गोष्ट आहे. ज्याला टेबल म्हणजे काय माहीत नाही त्याच्या हातात इतकं गुळगुळीत टूल दिलं की तो बिनधास्त दाबत सुटतो. मी कमांड लाइनवर शिकलो, चुका केल्या, एरर वाचायला शिकलो. कळ सोसल्याशिवाय कळत नाही. टूल सोपं करण्यापेक्षा लोकांना मूलभूत गोष्टी शिकवल्या तर जास्त फायदा होईल असं माझं प्रामाणिक मत आहे.

---

उंबरठा

@सरळरेघ, शिकावं याच्याशी सहमत, पण जाणकार चुकत नाहीत हे गृहीत धरू नका. ३१ जानेवारी २०१७ चं गिटलॅबचं (प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ती साइट) प्रकरण आठवा. अनुभवी इंजिनियर, रात्रीची वेळ, दोन डेटाबेस सर्व्हर, दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसतोय असं समजून मुख्य सर्व्हरवरची पुसली. एकदोन सेकंदात लक्षात आलं, थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप बघायला गेले तर तेही होत नव्हते, कारण डंप घेणारं टूल पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचं चालत होतं आणि डेटाबेस ९.६ चा, ते दर वेळी अपयशी होत होतं आणि अपयशाच्या मेल पोचतच नव्हत्या. शेवटी त्याच इंजिनियरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवरून (त्या क्षणाच्या प्रतीवरून) परत उभं केलं, मधला सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, सविस्तर लिहिलं, आणि करायच्या सुधारणांत एक गोष्ट अशी होती की टर्मिनलच्या प्रॉम्प्टवरच, म्हणजे आज्ञा टाइप करतो त्या ओळीतच, आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत ते ठळक दिसावं. ती सुधारणा माणसासाठी होती, आणि तो माणूस काही नवशिका नव्हता. नवशिक्यासाठी जे सोपं करतो ते थकलेल्या जाणकाराला पण वाचवतं.

मी जॅंगोत, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बांधायच्या चौकटीत, काम करतो, तिथे मायग्रेशन म्हणजे साइट हलवणं नाही, टेबलांची रचना बदलणं. २०१४ मध्ये १.७ पासून ते आतच आलं. त्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. तुम्ही मॉडेलमध्ये (टेबलाचं कोडमधलं वर्णन) एका फील्डचं, म्हणजे रकान्याचं, नाव बदललं की कॉम्प्युटरला दोनच गोष्टी दिसतात, एक रकाना गेला, दुसरा आला. गपचूप तसं केलं तर जुन्या रकान्यातला सगळा डेटा जाईल. तर ते थांबून विचारतं, अमुक फील्डचं नाव बदलून तमुक केलंत का, हो की नाही. बस, एक ओळीचा प्रश्न. माझ्यासोबतच्या एका नव्या मुलीने पहिल्यांदा तो प्रश्न बघितला आणि मला विचारलं, "नाही म्हटलं तर काय होईल?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रश्न योग्य जागी आहे पण नाही म्हटल्यावर त्या रकान्यातला डेटा जाणार हे तिथे लिहायला हवं होतं.

अजून एक सांगतो कारण यात भलेभले फसतात. मायएसक्यूएलमध्ये अल्टर टेबल ही टेबलाची रचना बदलायची आज्ञा चालवली की ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) तिथेच आपोआप पक्कं होतं, मागे घेता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये घेता येतं. म्हणजे पाच पायऱ्यांचं मायग्रेशन तिसरीवर फुटलं तर पोस्टग्रेसवर सगळं पूर्ववत होतं आणि मायएसक्यूएलवर तुम्ही अडीच पायऱ्यांवर लटकता, परत चालवलं तर "हा रकाना आधीच आहे" म्हणून एरर. नवशिक्याला वाटतं आपण दोनदा चालवलं म्हणून चुकलं. टूलला माहीत असतं ते कुठल्या डेटाबेसवर चालतंय, मग आधीच सांगायला काय हरकत आहे की इथे अर्धवट राहिलं तर आपोआप मागे जाणार नाही.

---

सरळरेघ

नाही म्हटलं तर काय होईल, हे लिहायला हवं, हे पटलं. माझं म्हणणं एवढंच की तंत्र झाकू नका. तुमची ती पाटी झाकत नाहीये, उघडं करून दाखवतेय, तेव्हा माझा विरोध "एका क्लिक"ला आहे असं समजा.

---

रात्रपाळी

मोजणीबद्दल एक राहिलं. हलवून झाल्यावर दोन्हीकडच्या ओळी मोजून समोरासमोर ठेवा असं मी सगळ्यांना सांगायचो, पण त्यातही दोन फसव्या जागा आहेत. पीएचपीमायअ‍ॅडमिन इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण पद्धतीतल्या मोठ्या टेबलांचा आकडा अंदाजाने दाखवतं, आकड्याच्या आधी एक नागमोडी रेघ असते, ती लोकांना दिसत नाही आणि ते घाबरतात की शंभर ओळी कुठे गेल्या. तिथे नेमकी मोजणी करायला लावावी लागते. आणि ऑप्शन्सचं टेबल कधीच जुळणार नाही, त्यात तात्पुरत्या नोंदी सतत येत जात असतात. ते न जुळणं ठीक आहे. पोस्ट्स, कॉमेंट्स, यूजर्स जुळायलाच हवेत.

---

कोराकागद

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री हलवली. आधी लोकलवर इम्पोर्ट करून पाहिली, पहिल्या फाइलमध्ये यूजर्सचं टेबलच नव्हतं! डाउनलोड अर्धवट झालं होतं, फाइल बघून अजिबात कळत नव्हतं. परत घेतली. ड्राय रनमध्ये १८७ ठिकाणं दाखवली, जीयूआयडी वगळलं. मराठी नीट दिसतंय, ळ सुद्धा.

फक्त एक, पोस्ट्स २१४ दोन्हीकडे, यूजर्स ३ दोन्हीकडे, पण कॉमेंट्स जुन्या साइटवर १०४१ आणि नवीवर १०३८. नेमकी मोजणी केलीय, अंदाज नाही. तीन कुठे गेल्या?

---

पाटीपेन्सिल

त्या तीन कॉमेंट्सच्या वेळा बघा बरं. बहुतेक तुम्ही एक्स्पोर्ट केल्यानंतरच्या असतील. डीएनएस (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरवर न्यायचं ती नोंद) बदललं तरी काही वाचक अजून तासन्‌तास जुन्या सर्व्हरवरच पोचत असतात, तिथे त्यांनी लिहिलं तर ते तिथेच राहतं. पुढच्या वेळी आदल्या दिवशी टीटीएल (ती नोंद किती वेळ जपून ठेवायची तो आकडा) ३०० सेकंदांवर आणून ठेवा आणि एक्स्पोर्ट करायच्या आधी जुन्या साइटवर कॉमेंट्स बंद करा. आत्ता तीनच आहेत तर जुन्याचं कॉमेंट्सचं टेबल उघडून त्या तीन ओळी तेवढ्या एक्स्पोर्ट करून घ्या, पण इम्पोर्टच्या आधी बघा की ते कॉमेंट क्रमांक नव्या साइटवर दुसऱ्या कुणाला मिळालेले नाहीत ना.

---

कोराकागद

हो, तिन्ही रात्री साडेअकरानंतरच्या आहेत, एक्स्पोर्ट मी अकराला केला होता. क्रमांक मोकळे होते. आता १०४१ दोन्हीकडे.